ओके

ओके (अव्यय, विशेषणासारखाही वापर). रूढ रूपे : ओके, ओक्के, ओकेमध्ये, बोलीत ओकेमधी. १. होकार, संमती. २. दुरुस्त, चालू स्थितीत, घेण्याजोगे. ३. (ग्रामीण व विनोदी बोलीत, बहुधा ‘एकदम’ला जोडून) झकास. ४. (शहरी बोलीत, ‘ओके-ओके’ असे दोनदा म्हणून) यथातथा.

तिसरा आणि चौथा अर्थ एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहेत. पुण्यातली कॉलेजची मुलगी सिनेमाला ‘ओके-ओके’ म्हणाली, की तिकिटाचे पैसे वाया गेले असे समजावे. शिरूर अनंतपाळच्या बाजारात कुणी बैलजोडीला ‘एकदम ओके’ म्हणाले, तर त्यापुढे स्तुती उरत नाही. एरवी मराठीत शब्द दोनदा उच्चारला की बहुधा जोर चढतो, जसे गरमगरम किंवा गोडगोड. इथे मात्र तो उतरतो.

शिरूर अनंतपाळ हे लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. निलंगा-उदगीरचा हा टापू १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे होकाराच्या शब्दांची इथे कधी टंचाई नव्हती. दखनीशी नाते सांगणारा ‘हौ’ आहे, घरचे ‘बरं’ आणि ‘जमतंय’ आहेत. निजामाचा कारभार उर्दूतून चाले. फारसी-अरबी वळणाचे ‘मंजूर’, ‘कबूल’, ‘दुरुस्त’ हे शब्द त्या कारभाराने बळकट केले. ‘ओके’ने यांतल्या कुणालाच हुसकावलेले नाही. अनुदान आजही ‘मंजूर’च होते, ओके होत नाही. सोयरिकीच्या बैठकीत देण्याघेण्याच्या अटी ‘कबूल’ असतात. तिथे कुणी ओके म्हणाले तर थट्टा वाटेल. वडीलधाऱ्याने काम सांगितल्यावर पोराने नुसते ‘ओके’ म्हणणे अनेक घरांत उद्धटपणाचे ठरते. तिथे ‘हौ तात्या’च लागते.

या शब्दाने आपली जागा केली ती यंत्राभोवती. विहिरीवरची किंवा बोअरची मोटर जळाली की ती तालुक्याला नेऊन ‘भरून’ आणायची, म्हणजे तिच्या तांब्याच्या तारा नव्याने गुंडाळून घ्यायच्या. कारागीर ती दुकानातच फिरवून दाखवतो.

‘मालक, ओके झाली बगा.’

‘आवाज कसला येतोय मग?’

‘बुश नवीन हाय. चार दिस आवाज राहतोय.’

‘तुमी ओके म्हणलाव, आमी नेलाव. परत वर काढायची पाळी नको.’

पाइपासकट मोटर बोअरमधून वर ओढणे म्हणजे माणसे, चेनपुली आणि एक अख्खा दिवस. म्हणून इथला ‘ओके’ हा हमीपत्रासारखा चालतो, फक्त त्यावर सही नसते. मोटर पुन्हा बंद पडली तर भांडण मजुरीवरून होण्याआधी ‘ओके म्हणला होतास’ यावरून होते.

सोयाबीनच्या खरेदीत हीच छटा जरा कोरडी होते. हमीभावाच्या केंद्रावर ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. मूठभर दाणे यंत्रात टाकले, आकडा बसला, की माल ‘ओके’. यात मालाचे कौतुक नाही. दाणा टपोरा आहे का, कष्ट किती झाले, याच्याशी त्या शब्दाला काही देणेघेणे नसते; पोते परत न्यावे लागणार नाही, एवढेच तो सांगतो. इंग्रजीतल्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ मराठी माणूस जातो तो इथे.

मूळ अर्थ निघाला एका पोरकट थट्टेतून. १८३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम अशुद्ध स्पेलिंग करायचे आणि त्याची आद्याक्षरे छापायची, अशी टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’ लिहिताना ‘ए’च्या जागी ‘ओ’ आणि ‘सी’च्या जागी ‘के’ घातले की झाले ओ. के. हे छापलेले रूप २३ मार्च १८३९च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये सापडते. म्हणजे ‘सगळे बिनचूक’ असे सांगणारी ही दोन अक्षरे दोन्ही चुकीची आहेत. ‘ऑल राइट’साठी ‘ओ. डब्ल्यू.’ असेही एक भावंड होते. ते बालपणीच वारले.

ओ. के. तगले ते निवडणुकीमुळे. १८४० साली अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरन पुन्हा उभे होते. त्यांचे गाव न्यूयॉर्क राज्यातले किंडरहुक, म्हणून ते ‘ओल्ड किंडरहुक’. समर्थकांनी ओ. के. नावाचे क्लब काढले, विरोधकांनी त्याच अक्षरांचे वाकडे अर्थ लावले. ब्युरन हरले, अक्षरे राहिली. पुढे शब्दाचा उगम कुणी ग्रीक भाषेत शोधला, कुणी चोक्टॉ या मूळ अमेरिकी भाषेत. अध्यक्ष वुड्रो विल्सन तर चोक्टॉवर विसंबून ‘ओके’चे स्पेलिंगही वेगळे करत. १९६३-६४ मध्ये ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रे उपसून बॉस्टनचा धागा दाखवला, तेव्हापासून बाकीच्या व्युत्पत्ती मागे पडल्या.

महाराष्ट्रातही या शब्दाचा कायापालट राजकारणानेच केला. जून २०२२ मध्ये शिवसेनेतले बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात मुक्कामाला असताना सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे एका कार्यकर्त्याशी झालेले फोनवरचे बोलणे पसरले. झाडी, डोंगार, हाटील यांचे वर्णन करून त्यांनी सगळे ‘ओकेमध्ये’ असल्याचा निर्वाळा दिला. लोक हसले ते सुरावर आणि प्रसंगावर, पण व्याकरणाकडे पाहिले तर तो प्रयोग चोख आहे. मराठीत सुखाची स्थिती ही राहण्याची जागा असते : माणूस मजेत असतो, थाटात असतो, खुशीत असतो. त्याच ओळीत ‘ओकेमध्ये’ बसला. इंग्रजीत ओके‘च्या आत’ कुणी राहत नाही. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमधल्या अधिवेशनात, विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी या बंडखोरांना उद्देशून ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली. खोका म्हणजे मुंबईच्या सांकेतिक बोलीत एक कोटी. मुंबईच्या गल्लीतला शब्द आणि बॉस्टनची थट्टा यांचे यमक इतके घट्ट जुळले, की मराठवाड्याच्या गावोगावच्या सभांतही ते चालले. शहाजीबापू २०२४ची विधानसभा निवडणूक हरले. ब्युरन यांच्याप्रमाणेच त्यांचाही शब्द मागे राहिला.

ट्रकच्या मागे रंगवलेल्या ‘हॉर्न ओके प्लीज’मध्ये मात्र या चारांपैकी एकही अर्थ नीट बसत नाही. रॉकेलवरच्या गाड्यांपासून टाटांच्या ‘ओके’ साबणापर्यंत अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. कुठलेच खणखणीत नाही. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये व्यापारी वाहनांवर ही अक्षरे रंगवण्यास बंदी घातली, कारण ती वाचून मागचे चालक विनाकारण हॉर्न वाजवतात. ट्रक रंगवणाऱ्यांच्या हातात मात्र ती अक्षरे इतकी बसली आहेत, की बंदीनंतरही ती रस्त्यावर भेटतात, मधला ‘ओके’ बहुधा सर्वांत ठळक.