नांवें भूमीचीं आणि विभाग राज्यकारभाराचे



प्रांतांचीं नांवें कोठून येतात आणि त्यांवर माणसांचें हिताहित कितपत अवलंबून असतें, याचा आज थोडक्यांत विचार करूं. तुलनेसाठीं प्रथम आल्प्स पर्वतांतील ऑस्ट्रिया हा देश घेऊं. त्याच्या स्वभाषेंतील नांवाचा मूळ अर्थ ‘पूर्वेकडील मुलूख’, इ. स. ९९६ च्या एका दानपत्रांत तें प्रथम आढळतें. तेथें एकंदर नऊ घटकराज्यें आहेत. त्यांतील ‘वरचा’ व ‘खालचा’ ऑस्ट्रिया हीं नांवें डॅन्यूबच्या प्रवाहावरून पडलीं. एन्स नदी ही त्यांमधील जुनी शीव. फोरार्लबर्ग म्हणजे आर्लबर्ग घाटापुढील प्रदेश. नांवें डोंगरांनीं व नद्यांनीं दिलीं खरीं. परंतु आज त्या प्रत्येक नांवामागें स्वतंत्र विधिमंडळ उभें आहे.

आपल्याकडे सह्याद्रीनें हेंच नामकरण केलें. समुद्र व डोंगर यांमधील चिंचोळी पट्टी तें कोंकण, डोंगराच्या धारेवरील तो घाटमाथा, पूर्व उताराच्या खोऱ्यांतील तें मावळ आणि पुढील सपाट मुलूख तो देश. पावसानें ही वांटणी पक्की केली: खालीं भात, वर ज्वारी-बाजरी. कोंकणच्या उत्तर भागास प्राचीन काळीं ‘अपरान्त’, म्हणजे पश्चिमेचें टोंक, म्हणत. अशोकाच्या पांचव्या शिलाशासनांत हें नांव आलेलें आहे.

राजसत्तेचे विभाग मात्र निराळे. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें तेव्हां जिल्हे २६ होते. आज ते ३६ आहेत. अलिबागजवळच्या जलदुर्गावरून पडलेलें ‘कुलाबा’ हें जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं जाऊन ‘रायगड’ झालें. त्याच वर्षीं रत्नागिरींतून सिंधुदुर्ग निघाला. महसुली विभाग सहा. पण ते लोकांच्या प्रदेशांशीं जुळतातच असें नाहीं. विदर्भ एक, त्याचे विभाग दोन: अमरावती व नागपूर. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर, देशावर असूनहि नाशिक विभागांत आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. संविधानाच्या ३७१ व्या अनुच्छेदांत विदर्भ, मराठवाडा व ‘उर्वरित महाराष्ट्र’ यांसाठीं विकासमंडळांची तरतूद आहे. १९९४ सालीं तीं स्थापन झालीं व २०२० सालीं त्यांची मुदत संपली. दोन प्रदेशांस त्यांचीं नांवें मिळालीं; कोंकण, खानदेश व देश मात्र मिळून ‘उर्वरित’ ठरले. अशा मोठ्या खात्याची सरासरी काढली कीं जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांचें दारिद्र्य मुंबई-पुण्याच्या संपत्तीखालीं झांकून जातें. हे तालुके २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत, कारखानदारीच्या शहरांच्या पंक्तीस होते. त्या वर्षीं १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, आणि त्यांची स्थिति निराळ्या हिशेबांत दिसूं लागली. नांवानें भूक भागत नाहीं. पण ज्यास नांव नाहीं त्याची भूक मोजलीहि जात नाहीं.

नवी मुंबईकरांस हें समजण्यासाठीं दूर जावयास नको. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें हें शहर आंखलें; पण तें एका जिल्ह्यांत नाहीं. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाण्यांत. खारघर, कामोठें रायगडांत. शहराचें नांव मुंबईवरून घेतलें, तरी वस्त्यांचीं व स्थानकांचीं नांवें बहुतेक जुन्या आगरी-कोळी गांवांचींच राहिलीं. आणि साऱ्या कोंकण विभागाच्या आयुक्तांची कचेरी, कोंकण भवन, बेलापुरांतच आहे.

तेव्हां मुलांस पत्ता शिकवितांना ‘सेक्टर’ व ‘नवी मुंबई’ एवढ्यावर थांबूं नये. गांव, तालुका, जिल्हा व कोंकण हेंहि सांगावें. सरकारचा खर्च या नांवांखालीं मांडला जातो. आपल्या मुलुखाच्या वांट्यास काय आलें हें विचारावयाचें तर तीं नांवें ठाऊक हवींत.