रिचर्ड पार्करचा हिशोब

‘लाइफ ऑफ पाय’मधल्या वाघाचं नाव रिचर्ड पार्कर का, हे शोधता शोधता मी १८८४च्या एका खटल्यापाशी पोचलो.

मिन्योनेट ही छोटी यॉट इंग्लंडहून सिडनीला निघाली होती. ५ जुलैला ती दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. होडीत उरले चौघे: कप्तान डडली, स्टीफन्स, ब्रूक्स आणि सतरा वर्षांचा अनाथ पोऱ्या रिचर्ड पार्कर. खायला सलगमचे दोन डबे, पुढे एक कासव. प्यायला पावसाचं पाणी, तेही पडलं तर. पार्कर समुद्राचं पाणी प्यायला आणि निपचित पडला. शेवटी स्टीफन्सच्या संमतीने डडलीने त्याला मारलं आणि तिघांनी खाल्लं. चार-पाच दिवसांत जर्मन जहाज आलं!

किनाऱ्यावर डडलीने सगळं स्वतःहून सांगितलं. अशा वेळी चिठ्ठ्या टाकून एकाचा बळी द्यायचा, ही खलाशांची जुनी रीत. त्यात लपवण्यासारखं काय? लोकही त्याच्याच बाजूने. पार्करच्या सख्ख्या भावाने कोर्टात त्याच्याशी हात मिळवला.

पण चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या. आम्हाला बायकापोरं आहेत, त्याला कुणी नाही, एवढाच हिशोब. दिवसभर कामांची प्रायॉरिटी लावणाऱ्या मला तो नको इतका ओळखीचा वाटला.

आरोप माणूस खाल्ल्याचा नव्हता, खुनाचा होता. कुणाचा जीव स्वस्त हे कोणत्या मापाने मोजायचं, असं न्यायाधीश कोलरिज यांनी विचारलं. डडली आणि स्टीफन्सला फाशी सुनावली गेली, नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. मारायला संमती न देणारा, पण खाणारा ब्रूक्स साक्षीदार म्हणून सुटला.