वाय-फाय सुरक्षा, घरगुती

घरातील राउटरवरून रेडिओलहरींद्वारे मिळणाऱ्या इंटरनेट जोडणीचा परस्पर वापर रोखण्यासाठी आणि तीवरून जाणारी माहिती त्रयस्थाला वाचता येऊ नये यासाठी योजलेले उपाय. लहरी भिंत ओलांडून शेजारच्या सदनिकेत व जिन्यापर्यंत पोचत असल्याने येथे सारी भिस्त कूटलेखनावर, म्हणजे किल्लीवाचून न उलगडणाऱ्या रूपात माहिती पाठवण्यावर असते.

१९९७ च्या मूळ मानकातील डब्ल्यूईपी पद्धतीतला दोष फ्लुरर, मँटिन व शमीर यांनी २००१ मध्ये दाखवल्यानंतर ती निरुपयोगी ठरली. २००३ मधील डब्ल्यूपीए ही तात्पुरती सोय होती; २००४ च्या डब्ल्यूपीए२ मध्ये एईएस ही भक्कम कूटप्रणाली आली. तथापि, उपकरण जोडले जाताना राउटरशी होणारी संदेशांची देवाणघेवाण कोणी टिपली, तर पासवर्डचे अंदाज तो नंतर दूर बसून सवडीने ताडून पाहू शकतो. म्हणून पासवर्डची लांबी निर्णायक ठरते. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. पण भारतात सर्रास ठेवला जाणारा मोबाइल क्रमांक दहा अंकी असूनही, त्याचा पहिला अंक ६ ते ९ यांपैकीच असल्याने, शक्यता ४०० कोटींपलीकडे जात नाहीत आणि आजच्या ग्राफिक्स कार्डाला त्या तपासणे काही तासांचे काम आहे. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी जाळ्याशी प्रत्यक्ष संपर्क करावा लागत असल्याने हा मार्ग बंद होतो.

पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्यासाठी आणलेली डब्ल्यूपीएस ही सोय मात्र घातक ठरली. तिच्या आठ अंकी पिनमधील शेवटचा अंक पडताळणीचा असून पहिले चार अंक बरोबर आहेत की नाहीत हे राउटर वेगळे कळवतो. त्यामुळे १० कोटी वाटणाऱ्या शक्यता ११,००० वर येतात, असे श्टेफान फीबॉक यांनी २०११ मध्ये दाखवले. ही सोय बंद ठेवणे अत्यावश्यक आहे.

जाळ्याचे नाव लपवण्याचा वा ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देण्याचा सल्ला अनेक पुस्तिकांत आढळतो; परंतु ते नाव व उपकरणांचे पत्ते कूटलेखनाविना प्रवास करत असल्याने नाव टिपता येते आणि पत्त्यांची नक्कल करता येते.

भारतात २००८ च्या अहमदाबाद व दिल्ली येथील स्फोटांसंबंधीचे ईमेल अनुक्रमे नवी मुंबई व चेंबूर येथील इतरांच्या वाय-फाय जोडण्यांवरून गेल्याचे तपासात आढळल्यावर या विषयाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले, आणि २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवादात्यांना सुरक्षित वापराविषयी सूचना दिल्या.

घुसखोरी ओळखणे : जोडलेल्या उपकरणांची यादी राउटरच्या व्यवस्थापन पानावर पाहता येते.