जाळ्याच्या रक्षकाची नेमणूक

1986 च्या जानेवारीत सान डिएगो येथे अवघ्या 21 जणांच्या बैठकीने आरंभ झालेल्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने, जिथे रीतसर सदस्यत्व नाही आणि मतदानाची प्रथाही नाही, आपला सुरक्षा-संचालक निवडण्याची जी रीत घडविली, ती लोककारभाराच्या इतिहासात मला फार मोलाची वाटते.

1988 च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने जाळ्यावरील हजारो यंत्रे जेरीस आणल्यावर सुरक्षेचा प्रश्न लांबणीवर टाकणे अशक्य झाले, आणि स्वतंत्र सुरक्षा-खाते निघून स्टीव्ह क्रॉकर त्याचे पहिले संचालक झाले. नेमणुकीचा अखत्यार मात्र संस्थेवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठ मंडळाकडे होता. 1992 मध्ये कोबे येथे त्या मंडळाने इंटरनेटच्या पत्त्यांच्या भावी रचनेसाठी सीएलएनपी या नियमसंचाचा पुरस्कार केला, तेव्हा अभियंत्यांत असा क्षोभ उसळला की क्रॉकर यांच्याच नेतृत्वाखाली सारा कारभार नव्याने बांधावा लागला. तेव्हापासून संस्थेच्या कामात भाग घेणाऱ्या स्वयंसेवकांतून काही जणांची (आता 10 जणांची) सोडत निघते, ते संचालक निवडतात, आणि मंडळाकडे केवळ मंजुरी उरते. सोडतीविषयी संशय राहू नये म्हणून लॉटरीच्या निकालांसारख्या सार्वजनिक अंकांवरून ती कोणालाही पडताळता येईल अशी पद्धत 2000 साली प्रसिद्ध झाली.

जाळ्याच्या निरीक्षणाचे खाते मात्र सुरक्षेपासून निराळेच राहिले. 1988 च्या एसएनएमपी या निरीक्षणाच्या नियमसंचात परवलीचा शब्दही उघडाच प्रवास करी. 2014 मध्ये संस्थेने सर्वव्यापी पाळत हा हल्लाच होय असे जाहीर केले, आणि अशा पाळतीला तोंड देण्यासाठी वाढत्या कूटलेखनामुळे जाळे चालविणाऱ्यांची कोणती निरीक्षण-साधने निरुपयोगी होतात, याची सविस्तर नोंद 2018 मध्ये तिच्याच दप्तरी दाखल झाली.