लेझर, सुट्टी आणि सेटलमेंट

परवा नोकरीचा एक ऑनलाइन फॉर्म भरत होते. शेवटी रकाना आला : 'लेझर अ‍ॅक्टिव्हिटीज'. मी मोठ्याने वाचलं. शेजारी बसलेल्या आजीने विचारलं, "लेझर म्हणजे ते मिरवणुकीतले दिवे का गं?"

म्हटलं, "नाही गं, फावला वेळ. काम नसताना तू काय करतेस, ते."

"काम नसताना?" आजी म्हणाली आणि सुपातलं पान उचलून पुढची विडी वळायला लागली.

फॉर्म तसाच सोडून मी त्या शब्दाचं मूळ शोधत बसले. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला, पण मूळ लॅटिन : 'लिसेरे', म्हणजे मुभा असणे. आपल्या खिशातलं 'लायसन्स' त्याच मुळाचं. म्हणजे हा शब्द रिकाम्या वेळाचा नाही, परवानगीच्या वेळाचा. आपली 'सुट्टी' सुटण्यातून आली, 'फावला' हा फावण्यातून, म्हणजे संधी साधण्यातून. आणि 'रिकामा' म्हटलं की त्याला 'टेकडा' जोडायला आपण टपलेलेच असतो.

परवानगी कोण देतं, हे सोलापूरला चांगलं ठाऊक आहे. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. मग आणखी मिल आल्या आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालायला लागला. तिकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याची सुट्टी मागितली. मालकांनी ती मान्य केली १० जून १८९० ला. आज रविवारी आपण दहा वाजेपर्यंत लोळतो, त्यामागे सहा वर्षांचा तगादा आहे. आणि दिवस तरी केवढा लांब! कापड गिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा यायला १९११ उजाडलं.

पण याच गिरण्यांमध्ये असेही कामगार होते, ज्यांची भोंगा झाल्यावरही सुटका नव्हती. सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. नाव रोजच्या तोंडातलं, त्यामुळे अर्थ कुणी विचारत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पुढे इंग्रज सरकारने अशा कुटुंबांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड आणून वसवलं. गिरण्यांना हात हवेच होते. ही माणसं तिथे राबत. पाळी संपली की इतर कामगार घरी, तालमीत, भजनाला जात. यांना मात्र परत कुंपणात, हजेरीला. बाहेरगावी जायचं तर पास लागे. पाळी तीच, पण उरलेली संध्याकाळ त्यांची नव्हती.

तिथल्याच एका वस्तीचं नाव 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आहे. लहानपणी मला वाटायचं, इथे घरं फुकट मिळाली असतील. 'फ्री' म्हणजे कुंपणाबाहेर राहायची परवानगी मिळालेले. तो लॅटिन शब्द सोलापूरच्या पाटीवर असा उभा आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

आता गिरण्या गेल्या, भोंगा गेला. विडी राहिली. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात कामाचे तास होते, आठवड्याची सुट्टीही होती. पण आजी काम करते घरात, आणि मजुरी मोजली जाते हजार विड्यांवर. तिची पाळी कधी सुरू झाली, कधी संपली, हे कोण पाहणार? टीव्ही बघताना हात चालू, पाहुण्यांशी बोलताना हात चालू. मला पूर्वी वाटायचं, घरबसल्या काम म्हणजे किती सोयीचं. मी स्वतः रात्री अकराला ऑफिसचे मेसेज बघायला लागले, तेव्हा ते खूळ डोक्यातून गेलं.

फॉर्मकडे परत वळले आणि आजीला विचारलं, "रविवारी तर कारखाना बंद असतो ना? मग तेव्हा काय करतेस?"

"सोमवारची पानं कापून ठेवते," आजी म्हणाली. "तू लिही काहीतरी. वाचन लिही."