रंजकपेशींची अर्बुदे : शोभिवंत माशांतील

माशाच्या त्वचेत रंग धारण करणाऱ्या पेशी अनिर्बंध वाढून ज्या गाठी होतात, त्यांना रंजकपेशींची अर्बुदे म्हणतात. घरगुती टाकीतल्या माशांपैकी प्लॅटी व स्वोर्डटेल यांच्या संकरांत ती विशेष आढळतात आणि त्यांचा सर्वांत सखोल अभ्यासही याच माशांत झाला आहे. गोल्डफिश, कोई आणि फायटर या माशांतही अशा अर्बुदांच्या नोंदी आहेत.

माशाचा रंग अनेक प्रकारच्या पेशींनी मिळून बनतो. काळा व तपकिरी रंग मेलॅनोफोर पेशींचा, पिवळा झँथोफोरांचा, तांबडा एरिथ्रोफोरांचा. चांदीसारखी चकाकी इरिडोफोर पेशींतील ग्वानिनच्या स्फटिकांवरून उजेड परावर्तित झाल्याने दिसते. या सर्व पेशी गर्भावस्थेत मज्जारज्जूच्या कडेला तयार होणाऱ्या एकाच पेशीसमूहातून निघून अंगभर पसरतात. माणसाच्या त्वचेतील मेलॅनिनच्या पेशींचे मूळही तेच आहे. अर्बुद ज्या पेशींचे, त्यावरून त्याला मेलॅनोमा, झँथोफोरोमा, एरिथ्रोफोरोमा किंवा इरिडोफोरोमा म्हणतात. एकाच गाठीत दोन-तीन प्रकारच्या पेशीही सापडतात.

संकरित माशातील मेलॅनोमाची सुरुवात निरुपद्रवी दिसते. पाठीच्या परावरचे काळे ठिपके एकमेकांत मिसळून डाग होतो, पर जाड होऊ लागतो, त्याच्या काड्या झिजतात आणि शेवटी शाईत बुडवल्यासारखा काळा, उंचसखल गोळा उरतो. शेपटीच्या बुडाशी झालेली गाठ आत स्नायूंत शिरते. वरची त्वचा फाटली की जखमेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि पुष्कळदा मासा त्यानेच मरतो.

या रोगाचे कोडे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उलगडू लागले. अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कॉसविग व गेओर्ग हॉयस्लर यांनी १९२८ च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले, की प्लॅटी आणि स्वोर्डटेल निरोगी असूनही त्यांच्या संकरित संततीत मेलॅनोमा उद्भवतो. नाझी राजवटीत कॉसविग जर्मनी सोडून १९३७ मध्ये इस्तंबूलला गेले. गॉर्डन यांनी मेक्सिकोतील नद्यांतून आणलेल्या माशांचे वंश जोपासले. त्यांचा संग्रह आज टेक्सास स्टेट विद्यापीठात आहे.

ठिपकेवाल्या प्लॅटीच्या लिंग-गुणसूत्रावर ठिपक्यांच्या जनुकाशेजारीच एक्सएमआरके नावाचे अर्बुदकारी जनुक असते. ते १९८९ मध्ये ओळखले गेले. पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या एका ग्राही प्रथिनाच्या जनुकाची ती बिघडलेली, सतत चालू राहणारी दुसरी प्रत आहे. प्लॅटीत वेगळ्या गुणसूत्रावरचा एक नियामक घटक तिला आवर घालतो. स्वोर्डटेलमध्ये या जोडीपैकी काहीच नसते. पहिल्या पिढीच्या संकरात जनुकाची एक प्रत आणि नियामकाचीही एकच प्रत येते, त्यामुळे काळेपणा वाढतो, पण तो सहसा सौम्य राहतो. हा संकर पुन्हा स्वोर्डटेलशी केला, तर निम्मी पिल्ले एक्सएमआरकेविना जन्मतात, चतुर्थांश पिल्लांना जनुक व नियामक दोन्ही मिळतात आणि उरलेल्या चतुर्थांशांत जनुक असते पण आवर घालणारे काही नसते. मारक मेलॅनोमा होतो तो या शेवटच्या गटात. निसर्गात काही ठिकाणी शेजारी राहूनही या दोन जाती सहसा मिसळत नाहीत. टाकीत मात्र बिनदिक्कत मिसळतात. दुकानांतले बहुतेक प्लॅटी आणि स्वोर्डटेल अशाच मिश्र रक्ताचे असतात, कारण मोठे पर आणि भडक रंग संकरातूनच मिळाले आहेत.

तरीही गाठ दिसली की पाळणाऱ्याचा पहिला संशय पाण्यावर जातो. कल्याणजवळच्या शहाडसारख्या ठिकाणी तो जाणे स्वाभाविक आहे. उल्हास नदी, कारखाने आणि ठाणे-भिवंडीकडे पाणी पाठवणारे केंद्र तिथे जवळजवळच आहेत, आणि वालधुनी नदीच्या प्रदूषणाची चर्चा जुनीच आहे. प्रदूषणाचा आणि या अर्बुदांचा संबंध दाखवणारे उदाहरणही आहे: जपानच्या किनाऱ्यावरील निबेआ माशांतील रंजकपेशी-अर्बुदांचा संबंध १९८० च्या दशकात कागद-लगद्याच्या कारखान्याच्या सांडपाण्याशी जोडला गेला. पण ते मासे उघड्या समुद्रातले. कल्याण-शहाडच्या घरातल्या टाकीत येते ते शुद्ध केलेले नळाचे पाणी. त्यातला क्लोरीन कल्ल्यांना इजा करतो, गाठीचे कारण म्हणून तो ओळखला जात नाही. अतिनील किरणांनी संकरित पिल्लांत मेलॅनोमा वाढतो, असे १९८९ च्या प्रयोगांत दिसले होते. मात्र तेथेही आनुवंशिक पाया आधीच तयार होता.

काळा डाग म्हणजे अर्बुद नव्हे, हे गोल्डफिश पाळणाऱ्याने आधी समजून घ्यावे. नव्या टाकीत अमोनिया वाढल्याने भाजलेली त्वचा भरून येताना काळी पडते. असे डाग सपाट असतात, झपाट्याने उमटतात आणि पाणी सुधारल्यावर काही आठवड्यांत फिके होतात. परजीवी कृमींच्या अळ्यांनी होणारे काळे ठिपके बारीक व सुटेसुटे असतात. मार्बल फायटरचा रंग तर आयुष्यभर बदलत राहतो. लिम्फोसिस्टिस या विषाणुजन्य रोगातील गाठी पांढुरक्या, फुलकोबीसारख्या असतात. त्यांची गल्लत इरिडोफोरोमाशी होऊ शकते. उंचावलेला, वाढतच जाणारा, पराचा आकार बिघडवणारा डाग मात्र संशयास्पद मानावा.

खात्री पेशीपरीक्षणानेच होते. मेलॅनिन इतके दाट असते की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचे केंद्रक दिसावे म्हणून आधी तुकड्यातला रंग रसायनाने उडवावा लागतो. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून, तर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे. पण वडापावच्या किमतीच्या माशाची गाठ तपासायला तिथवर कोण नेणार? त्यामुळे घरगुती टाक्यांतल्या बहुसंख्य गाठी निदानाविनाच राहतात.

उपचार मर्यादित आहेत. कोई किंवा मोठ्या गोल्डफिशची वरवरची गाठ भूल देऊन कापता येते, पण ती पुन्हा उद्भवू शकते. हा रोग एका माशाकडून दुसऱ्याला लागत नाही, पाळणाऱ्यालाही नाही. म्हणून नीट खाणारा मासा वेगळा काढण्याची गरज नसते. खाणे सोडलेल्या, जखम चिघळलेल्या माशाला लवंगेच्या तेलाच्या जास्त मात्रेने वेदनारहित मरण देतात. असा मासा नदीत किंवा तलावात सोडू नये.

प्रतिबंध पैदाशीतच आहे. काळा पर असलेल्या संकराची पिल्ले घेऊ नयेत आणि प्लॅटी व स्वोर्डटेल एका टाकीत ठेवू नयेत. मात्र या माशांच्या माद्या नराचे शुक्राणू काही महिने साठवून ठेवतात, त्यामुळे टाक्या वेगळ्या केल्यानंतरही संकरित पिल्लांच्या एक-दोन खेपा होऊ शकतात.