मोठेपणी सायकल शिकताय? पुस्तक निवडताना आधी हे पाहा

पालघर तालुक्यातल्या दांडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावातून बोईसर-तारापूरच्या कारखान्यांकडे निघालं, की रस्त्यावर ट्रक-टँकरही असतात. मोठेपणी सायकल शिकून अशा रस्त्यावर उतरणाऱ्याला पुस्तकाचा उपयोग होतो. मात्र ते कोणत्या देशासाठी लिहिलंय, हे आधी पाहावं लागतं.

डावी बाजू की उजवी?

अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. भारतात आणि ब्रिटनमध्ये डाव्या. जॉन फॉरेस्टर यांचं 'इफेक्टिव्ह सायकलिंग' नावाजलेलं आहे, पण अमेरिकी. त्यातली वळणाची आकृती इथे जशीच्या तशी वापरली, तर समोरून येणाऱ्या वाहनाशी गाठ पडेल. ब्रेकचंही तसंच. तिथे पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे सहसा उजव्या. आपल्या सायकलचा कोणता ब्रेक कोणत्या चाकाला लागतो, हे दाबूनच पाहावं.

रस्त्यासाठी

जॉन फ्रँकलिन यांचं ब्रिटिश पुस्तक 'सायकलक्राफ्ट' इथे जास्त जुळतं. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटू नये, किमान अर्धा मीटर आत राहावं, वळण्याआधी मागे पाहावं, हे त्यात कारणांसह समजावलंय. 'हायवे कोड' ही ब्रिटनची नियमपुस्तिका इंटरनेटवर मोफत वाचता येते. अर्थात, कायदा भारताचाच लागू.

तोल सावरण्यासाठी

यासाठी जाड पुस्तकाची गरज नाही. पेडल काढायचे, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्यायची आणि मोकळ्या मैदानात पायांनी ढकलत पुढे जायचं. तोल जमला की पेडल लावायचे.

दुरुस्तीसाठी

परदेशी पुस्तकांत बहुधा श्रेडर आणि प्रेस्टा व्हॉल्व्ह असतात. आपल्या साध्या सायकलींना मात्र छोटी रबरी नळी असलेला डनलॉप व्हॉल्व्ह असतो. शिवाय खाऱ्या हवेत चेन लवकर गंजते. ती पुसून तेल देणं पुस्तकात सांगितलंय त्याहून जास्त वेळा करावं लागतं.

धीर येण्यासाठी

अमेरिकी समाजसुधारक फ्रान्सिस विलार्ड वयाच्या 53व्या वर्षी सायकल शिकल्या. तो अनुभव त्यांनी 1895 मध्ये 'अ व्हील विदिन अ व्हील' या पुस्तकात लिहिला. मार्क ट्वेन यांचा 'टेमिंग द बायसिकल' हा विनोदी लेख 1917 च्या निबंधसंग्रहात आहे. तो प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळतो.

थोडक्यात, आधी मैदान, मग शांत गल्ली आणि शेवटी मोठा रस्ता. पुस्तकंही त्याच क्रमाने वाचावीत.